इंग्रजी वाक्प्रचार आणि कारखान्याचे फाटक



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला आमंत्रण दिले तेव्हा कामगार चळवळीच्या वाटचालीवर आम्ही बोलावे असे त्यांच्या मनात होते. त्या विषयावर आम्ही आयुष्यभर बोलत आलो आहोत. फाटकावर, भर पावसात, ध्वनिक्षेपक बंद पडल्यावर नुसत्या घशाच्या जोरावरही बोललो आहोत. म्हणून आज विषय बदलून मागितला. आम्ही इंग्रजी वाक्प्रचारांविषयी बोलणार आहोत. तेही शिष्ट, पुस्तकी इंग्रजीतल्या नव्हे, तर बैठकीत चहाचा पेला हातात घेऊन, खुर्ची जराशी मागे रेलून साहेब जे चालू इंग्रजी बोलतात, त्यातल्या वाक्प्रचारांविषयी.

आठवीतून शाळा सोडलेल्या माणसाने इंग्रजीवर व्याख्यान द्यावे, हे येथल्या प्राध्यापक मंडळींना जरा धारिष्ट्याचे वाटेल. आमची बाजू एवढीच की आम्ही इंग्रजी शिकलो ते आरोपपत्रांवरून. सोबत्याच्या हाती कागद पडावयाचा, त्याच्या मुदतीत उत्तर द्यावयाचे असावयाचे, आणि त्या कागदातला एक शब्द चुकला तर एका घरची चूल विझावयाची. असा गुरू असला की विद्यार्थी लवकर शिकतो. शब्दकोश आम्ही पुढे घेतला, तो जुन्या बाजारातून, वजनावर.

एका कारखान्यात घडलेली हकीकत सांगतो. कारखान्याचे नाव घेण्याचे कारण नाही. तेथील कामगार समितीची मंडळी उपाहारगृहाच्या व रात्रपाळीच्या गाडीच्या मागणीसाठी व्यवस्थापकांना भेटली. व्यवस्थापकांनी सर्व शांतपणे ऐकून घेतले आणि हसून म्हणाले, 'वी विल टेक इट ऑन बोर्ड.' मंडळी आनंदाने बाहेर आली. द्वारसभेत जाहीर झाले की आपली मागणी बोर्डापुढे, म्हणजे संचालक मंडळापुढे जाणार. टाळ्या झाल्या. मग सारे जण संचालक मंडळाच्या बैठकीची वाट पाहू लागले. महिना गेला, दुसरा गेला, तिसरा गेला. तिसऱ्या महिन्यात ते प्रकरण आमच्याकडे आले तेव्हा उलगडा झाला. 'टेक ऑन बोर्ड' ह्यातले बोर्ड हे जहाजाची फळी आहे. माल जहाजावर चढवून घेणे, त्यावरून एखादी गोष्ट ध्यानात घेणे, एवढाच त्याचा अर्थ. व्यवस्थापक खोटे बोलले नव्हते. त्यांनी 'लक्षात ठेवतो' असे सांगितले होते, आणि ते कदाचित लक्षात ठेवूनही होते. गाडी मात्र सुटली नव्हती.

समितीतली मंडळी अडाणी होती असे कोणी समजू नये. त्यांतले दोघे पदविकाधारक होते. 'टेक' ठाऊक, 'ऑन' ठाऊक, 'बोर्ड' तर रोज दारावर पाहिलेला. तिन्ही शब्द ओळखीचे असून वाक्य अनोळखी राहिले. वाक्प्रचाराचा स्वभावच असा आहे. आपल्याकडे 'त्याने माझ्या तोंडाला पाने पुसली' असे म्हटले, तर एखादा इंग्रज गृहस्थ कोश उघडून तोंड, पाने, पुसणे हे तिन्ही शब्द काढील आणि कसल्या तरी औषधोपचाराची कल्पना करून बसेल. 'पाणी पाजले' म्हटले तर त्याला आपल्या आतिथ्याचे कौतुक वाटेल. तेव्हा शब्दांची बेरीज करून वाक्प्रचाराचा अर्थ हाती लागत नाही. ज्या धंद्यातून, ज्या मुलखातून तो निघाला तिकडे जावे लागते. इंग्रजीची गंमत अशी की तिचे कितीतरी चालू वाक्प्रचार गोदीतून, जहाजांवरून, खाणींतून आणि मागांवरून आलेले आहेत. म्हणजे आमच्याच भाऊबंदांच्या तोंडून. साहेबाच्या दिवाणखान्यात ते मागाहून शिरले.

सर्वांना परिचित असा शब्द घेऊ. 'त्याला सॅक केले.' सॅक म्हणजे पोते, थैली. कारागीर पूर्वी स्वतःची हत्यारे स्वतः आणावयाचा व ती थैलीत घालून मालकाकडे ठेवावयाचा. काम संपले किंवा मालकाची मर्जी फिरली की थैली त्याच्या हाती परत दिली जाई, असा ह्याचा उगम बहुतेक जाणकार सांगतात. फ्रेंच भाषेत ह्याच अर्थाचा प्रयोग सतराव्या शतकाच्या आरंभीच नोंदलेला आहे. इंग्रजीत तो एकोणिसाव्या शतकात रुळला. आता आपला मराठी प्रयोग आठवा, 'त्याला नारळ दिला.' निरोपाच्या वेळी हाती नारळ देण्याची आपली रीत. तिच्यावरून नोकरीतून काढणे हा अर्थ आला. दोन्ही भाषांत, पाहा, देणारा देतो आहे आणि घेणारा घेतो आहे! हातात काहीतरी पडते आहे असा देखावा दोन्हीकडे आहे. जाते आहे ती भाकर, तिचा उल्लेख कोठेच नाही. इंग्रजांच्या थैलीत निदान स्वतःची हत्यारे तरी होती. 'उचलबांगडी' हा शब्द आम्हांला त्या मानाने प्रामाणिक वाटतो. हातापायांना धरून उचलले आणि बाहेर नेऊन ठेवले, ह्यात काही लपवाछपवी नाही.

'फायर' करणे हा प्रयोग अमेरिकेतला, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातला. काढून टाकण्याला इंग्रजीत 'डिस्चार्ज' म्हणतात, आणि बंदुकीतून बार काढण्यालाही 'डिस्चार्ज' म्हणतात. त्या कोटीवरून हा शब्द निघाला. खाणमालक चोर कामगाराची हत्यारे जाळीत असत म्हणून 'फायर', अशी एक कथा चवीने सांगितली जाते. तिला आधार नाही. वाक्प्रचारांच्या जन्मकथा ऐकताना कान जरा घट्टच ठेवावेत. जेवढी कथा गोड, तेवढा संशय अधिक.

आता 'स्ट्राइक'. मारणे, तडाखा देणे हा त्याचा अर्थ आपण शाळेत शिकतो, आणि संप म्हणजे मालकाला दिलेला तडाखा असे मानून मोकळे होतो. मूळ गोष्ट अशी की जहाजावरचे शीड खाली उतरविण्यालाही इंग्रजीत 'स्ट्राइक' म्हणतात. १७६८ साली लंडनच्या बंदरात वेतनाच्या प्रश्नावर खलाशांनी व्यापारी जहाजांची शिडे उतरवून ठेवली. शीड उतरले की जहाज हलत नाही, मग मालकाने कितीही आदळआपट करावी. तेथून काम बंद ठेवण्याला हा शब्द लागला. म्हणजे मुळात ह्या शब्दात मारामारी नाही. शीड खाली घेऊन शांत बसणे आहे. फ्रेंच लोक संपाला 'ग्रेव्ह' म्हणतात. पॅरिसमध्ये सीन नदीच्या काठी त्या नावाचा चौक होता आणि कामाच्या शोधातले मजूर तेथे जमत. आपल्या शहरांतल्या मजूर अड्ड्यांवर सकाळी थापी आणि घमेली घेऊन माणसे उभी असतात, तसेच ते. आणि आपला 'संप'? संप म्हणजे एकी, जूट. गुजराती भाषेत आजही ह्या शब्दाचा तोच अर्थ आहे. तीन भाषांनी एकाच घटनेच्या तीन बाजू पकडल्या: इंग्रजाने थांबलेले जहाज पाहिले, फ्रेंचाने रिकामा माणूस पाहिला, आणि आपण एकत्र आलेली माणसे पाहिली. ह्यांत आम्हांला आपला शब्द सर्वांत आवडतो, हे लपविण्यात अर्थ नाही.

एका माणसाच्या आडनावाचा वाक्प्रचार झाला, त्याची हकीकत तर प्रत्येकाने ऐकावी. आयर्लंडात मेयो परगण्यात कॅप्टन चार्ल्स बॉयकॉट नावाचा गृहस्थ लॉर्ड अर्न ह्या जमीनदाराचा कारभारी होता. १८८० साली पीक बुडालेले, कुळे खंडात सूट मागत होती, आणि हा गृहस्थ कुळांना जमिनीवरून काढण्याच्या नोटिसा बजावीत होता. त्याच सप्टेंबरात आयरिश पुढारी पार्नेल ह्यांनी एनिस येथील सभेत सांगितले होते की अशा माणसाला मारू नका, त्याला एकटा पाडा. लोकांनी तसे केले. गडी काम सोडून गेले, दुकानदार माल देईना, धोबी कपडे धुईना, टपाल पोचविणारा पोरगाही येईना. शेवटी अल्स्टरमधून पन्नास स्वयंसेवक आणून पीक काढावे लागले, आणि त्यांच्या रक्षणासाठी सुमारे हजारभर सैनिक व पोलीस उभे करावे लागले. सुमारे ५०० पौंडांचे पीक आणि ते काढण्याचा खर्च १०,००० पौंडांच्या घरात, असा त्या वेळचा हिशेब सांगतात. ह्या कृतीला नाव काय द्यावे असा प्रश्न पडला. बहिष्काराला विद्वानांच्या इंग्रजीत एक अवघड ग्रीक शब्द होता. तो शेतकऱ्यांच्या तोंडी बसणार नाही म्हणून तेथल्या ओमॅली नावाच्या पाद्र्याने सुचविले की सरळ 'बॉयकॉट करणे' म्हणा. वर्ष संपण्याच्या आत तो शब्द लंडनच्या वर्तमानपत्रांत आला, आणि पंचवीस वर्षांनी, वंगभंगाच्या चळवळीत, तो आपल्या घराघरांत आला. लोकमान्यांच्या चतुःसूत्रीतला 'बहिष्कार' तो हाच. कॅप्टनसाहेब १८९७ साली वारले. त्यांचे नाव मात्र अजून कामावर आहे.

येथे थोडे थांबले पाहिजे. 'बॉयकॉट' ह्या शब्दाला आपण 'बहिष्कार' म्हणतो आणि दोन्ही एकच समजतो. परंतु मराठीत बहिष्कार, वाळीत टाकणे, हुक्कापाणी बंद करणे, हे सर्व त्या कॅप्टनच्या कितीतरी आधीपासून चालत आले आहे, आणि ते उलट्या दिशेने चालत आले आहे. मेयोमध्ये गरिबांनी एका बलवानाला एकटे पाडले. आपल्या गावांत गावाने दुबळ्याला एकटे पाडले. त्याची विहीर बंद केली, त्याचे दळण बंद केले. डॉ. आंबेडकरांनी १९२७ साली जे पत्र काढले त्याला 'बहिष्कृत भारत' हे नाव दिले, त्यात हा सारा इतिहास आहे. आणि सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राला २०१६ साली स्वतंत्र कायदा करावा लागला, ह्यावरून तो इतिहास किती ताजा आहे हे ध्यानात येईल. शब्दकोशात दोन शब्द समोरासमोर बसले तरी त्यांच्यामागे उभी असलेली माणसे एकच असतात असे नाही.

ह्याच जातीचा आणखी एक वाक्प्रचार, 'कॉव्हेन्ट्रीला धाडणे'. कॉव्हेन्ट्री हे इंग्लंडातले एक औद्योगिक शहर. एखाद्या सोबत्याशी सर्वांनी बोलणे टाकावयाचे, ह्याला तिकडचे कामगार असे म्हणतात. सतराव्या शतकातल्या यादवी युद्धात राजपक्षाचे कैदी त्या गावी पाठविले जात व गावकरी त्यांच्याशी बोलत नसत, अशी कथा आहे. ती खरी असेल वा नसेल. संपात न येणाऱ्या सोबत्यावर हे शस्त्र इंग्लंडात वापरले गेले, आणि १९६० साली त्यावर 'द अँग्री सायलेन्स' नावाचा बोलपटही निघाला. आमच्या संघटनेत आम्ही हे शस्त्र वापरू देत नाही. माणूस संपात आला नाही तर त्याच्या घरी जावे, चहा घ्यावा, त्याच्या घरात कोणाचे आजारपण आहे का, कोणाचे लग्न आहे का ते पाहावे. बोलणे बंद केले की तो कायमचा मालकाचा झाला.

'का कॅनी' हा प्रयोग तुमच्यापैकी फारच थोड्यांनी ऐकला असेल. तो स्कॉटलंडच्या बोलीतला आहे. 'जपून चाल', 'दमाने घे' असा त्याचा अर्थ. १८८९ साली ग्लासगोच्या गोदीत संप झाला. मालकांनी शेतावरचे मजूर आणून काम चालविले आणि संप मोडला. तेव्हा संघटनेच्या चिटणिसाने गोदी कामगारांना जे सांगितले ते असे सांगितले जाते: मालक त्या शेतमजुरांच्या कामावर खूष आहेत ना? ते तर फळीवर धड चालूही शकत नव्हते, आपल्या निम्मे काम करीत होते. मग आपणही तसेच काम करावे! कामगार जुन्याच मजुरीवर परतले आणि अगदी शेतमजुरांसारखे काम करू लागले. थोड्याच दिवसांत मालकांनी चिटणिसाला बोलावून पूर्वीसारखे काम करण्याची विनंती केली व मजुरी वाढविली. १८९६ साली गोदी कामगारांच्या आंतरराष्ट्रीय संघाने 'का कॅनी'वर पत्रकच काढले. त्याची वार्ता फ्रान्समध्ये गेली आणि तिकडच्या कामगारांनी त्याला स्वतःचे नाव दिले, 'सॅबोटाज'. साबो म्हणजे लाकडी खडावा. खडावा घालून खडखड करीत अवघडल्यासारखे चालावे तसे काम करणे, हा त्या शब्दाचा पहिला अर्थ. खडावा यंत्रात फेकून यंत्र मोडले म्हणून सॅबोटाज, ही कथा मागाहून रचलेली दिसते. परंतु अर्थ बदलला. आज 'सॅबोटाज' म्हटले की पूल उडविणारा माणूस डोळ्यांसमोर येतो. तेव्हा आरोपपत्रात हा शब्द दिसला तर आधी विचारावे, साहेब, कोणता अर्थ? आणि ह्या हकीकतीवरून कोणी स्फूर्ती घेऊन उद्या सावकाश काम करू लागू नये. जाणूनबुजून मंदगतीने काम करणे हे आपल्याकडे गंभीर गैरवर्तन मानले जाते आणि न्यायालयांनीही तसे म्हटले आहे.

आता अर्थाचा घोळ केवळ आपल्यासारख्यांचाच होतो असे नाही, हे सांगितले म्हणजे तुम्हांला धीर येईल. दुसऱ्या महायुद्धात इंग्रज आणि अमेरिकन सेनाधिकाऱ्यांची बैठक चालली होती. इंग्रजांनी एक निकडीचा कागद तयार केला आणि तो 'टेबल' करावा असे म्हटले. अमेरिकनांनी कडाडून विरोध केला. बराच वेळ वाद झाला, तो चांगलाच तापला, आणि मग कळले की दोघांना एकच गोष्ट हवी आहे. इंग्लंडात 'टेबल करणे' म्हणजे चर्चेला घेणे. अमेरिकेत त्याचाच अर्थ बाजूला ठेवून देणे. ही हकीकत चर्चिल ह्यांनीच आपल्या युद्धस्मृतींत नमूद केली आहे. आपण इंग्रजांच्या वळणावर गेलो. आपल्या विधिमंडळात कागद सभागृहाच्या पटलावर ठेवतात तो दाखविण्यासाठी. परंतु आज पुण्याच्या आसपासच्या कित्येक कारखान्यांचे मालक परदेशी आहेत, वाटाघाटींना बसणारा साहेब कधी अमेरिकेत शिकलेला, कधी जर्मन, कधी कोरियन. 'लेट अस टेबल धिस' असे कोणी म्हणाले, तर हसून विचारावे, 'आज की कधीच नाही?'

साहेबी बोलण्याची आणखी एक तऱ्हा आहे. ती शब्दांत नसून सुरात आहे. 'आय हिअर व्हॉट यू से', तुमचे म्हणणे मी ऐकतो आहे. अर्थ असा की मला ते मान्य नाही. 'विथ ऑल ड्यू रिस्पेक्ट', संपूर्ण आदर राखून. ह्यापुढे जे वाक्य येते त्यात आदर बहुधा नसतो. 'अ‍ॅट द एंड ऑफ द डे' ह्याचा संध्याकाळशी काही संबंध नाही. 'अखेर सगळा विचार करता' एवढेच त्यात आहे. ह्यावर आमचे काही सोबती इंग्रजांना लबाड म्हणतात. आम्ही त्यांना विचारतो, अरे, तुमचा मामा 'बघू' म्हणतो त्याचा अर्थ काय? मुलगी पाहून परत गेलेले पाहुणे 'कळवतो' म्हणतात त्याचा अर्थ काय? सरकारी कचेरीत 'साहेब मीटिंगमध्ये आहेत' ह्याचा अर्थ काय? आपल्या भाषेतला नकार आपण लहानपणापासून ओळखतो म्हणून तो आपल्याला लबाडी वाटत नाही.

एवढ्यावर थांबलो असतो तर हे मनोरंजन झाले असते. परंतु तीन प्रयोग असे आहेत की ज्यांवर माणसांच्या नोकऱ्या टांगलेल्या आम्ही पाहिल्या, आणि त्यांच्यासाठीच हा विषय निवडला.

पहिला 'ले-ऑफ'. अमुक कंपनीने इतक्या हजारांना 'ले-ऑफ' दिला असे तुम्ही वर्तमानपत्रात वाचता. ते अमेरिकन इंग्रजी आहे. त्यात नोकरी गेली असा अर्थ आहे. आपल्या कायद्यातला 'ले-ऑफ' निराळा. कोळसा नाही, वीज नाही, कच्चा माल नाही, यंत्र बिघडले, अशा कारणाने मालक तात्पुरते काम देऊ शकत नाही, तो 'ले-ऑफ'. त्यात नाव मस्टरवर राहते. १९५३ साली औद्योगिक विवाद कायद्यात ह्या तरतुदी आल्या, आणि २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेतही मूळ कल्पना तीच आहे. ठराविक आकाराच्या कारखान्यात वर्षभर अखंड सेवा झालेल्या कामगाराला त्या दिवसांचे मूळ वेतन व महागाई भत्ता ह्यांच्या निम्मी भरपाई मिळते. नोकरी कायमची काढून घेणे ह्याला कायद्यात 'रिट्रेंचमेंट', नोकरकपात, असे वेगळे नाव आहे. त्याला नोटीस लागते, आणि प्रत्येक पुऱ्या वर्षामागे १५ दिवसांच्या सरासरी वेतनाची भरपाई लागते. आता साहेबाने अमेरिकन अर्थाने 'यू आर लेड ऑफ' म्हटले आणि आपला मुलगा मान खाली घालून घरी आला, तर त्याने कोणता ले-ऑफ घेतला? आम्ही म्हणतो, आधी कागद मागावा. कागदावर एकच अर्थ टिकतो.

दुसरा 'पुट इन युअर पेपर्स'. हा खास आपल्या देशात रुजलेला इंग्रजी प्रयोग आहे. मराठीतही मुले आता 'त्याने पेपर टाकले' असे सहज म्हणतात. एका कचेरीत खेड्यातून आलेल्या एका तरुणाला बोलावून मऊ आवाजात सांगितले गेले, 'इट विल बी बेटर इफ यू पुट इन युअर पेपर्स.' तो घरी येऊन दहावीपासूनची प्रमाणपत्रे एका धारिकेत लावू लागला. त्याच्या बहिणीने त्याला खरा अर्थ सांगितला, म्हणून तो दुसऱ्या दिवशी सही करण्यापूर्वी आमच्याकडे आला. हसू नका. त्याला जे सांगितले गेले त्याचा अर्थ 'तू राजीनामा दे' असा होता, आणि कायद्याने नोकरकपातीच्या व्याख्येतून स्वेच्छेची निवृत्ती वगळलेली आहे. म्हणजे त्याने स्वतःच्या हाताने दोन ओळी लिहून दिल्या असत्या, तर त्याला काढले असे पुढे सिद्ध करणे त्याच्यावर आले असते. 'वुई आर लेटिंग यू गो', तुला आम्ही जाऊ देत आहोत, हा त्याचाच भाऊ. जणू काही हाच दार वाजवीत होता! ह्या घराण्यात आणखी एक आहे, 'डाउनसायझिंग'. अमेरिकेत १९७०-८० च्या दशकात मोटारगाड्या आकाराने लहान करू लागले तेव्हा तो शब्द निघाला; पुढे गाड्यांचा शब्द माणसांना लावला.

तिसरा प्रयोग 'ब्रेक'. विलायतेत 'गिव्ह मी अ ब्रेक' म्हणजे मला एक संधी द्या. सिनेमावाले 'पहिला ब्रेक मिळाला' म्हणतात तो हाच. आता आपल्या औद्योगिक वसाहतीत जा आणि एखाद्या तात्पुरत्या कामगाराला विचारा, 'काय रे, आज घरी?' तो सांगेल, 'ब्रेक दिला.' वर्षात २४० दिवस भरले की कायदा ती अखंड सेवा धरतो. ते भरू नयेत म्हणून सहा-सात महिन्यांनी त्याला काही दिवस घरी बसवावयाचे आणि पुन्हा नव्याने भरती करावयाची, ह्याचे नाव ब्रेक. विलायतेत ज्या शब्दाने दार उघडते त्याच शब्दाने चाकण, वाळूज आणि अंबडला ते बंद होते. कोणत्याही इंग्रजी कोशात हा अर्थ आम्हांला पुरेसा स्पष्ट सापडलेला नाही. आमच्या वहीत आहे.

वापराविषयी दोन शब्द. हे वाक्प्रचार ऐकता आले पाहिजेत. बोलण्याची घाई नको. आमचे काही तरुण कार्यकर्ते चार वाक्प्रचार शिकले की पत्रात ते पेरू लागतात. 'यू हॅव गिव्हन अस द सॅक' असे कामगार आयुक्तांना लिहिलेले पत्र आम्ही पाहिले आहे. चालू भाषेची जागा चालू ठिकाणी. कागदावर कायद्याचा शब्द लिहावा, तारीख लिहावी, नाव लिहावे, आणि इंग्रजी जमत नसेल तर सरळ मराठीत लिहावे. महाराष्ट्राची राजभाषा मराठी आहे. शिवाय वाक्प्रचारात एखादे अव्यय चुकले की हसे होते. 'बोर्ड'च्या आधी 'ऑन'च्या जागी 'टु द' आले असते तर ते तीन महिने वाया गेले नसते, हे आठवावे.

देवघेव एकतर्फी झाली असेही नाही. १९६७ साली पश्चिम बंगालात संयुक्त आघाडीचे सरकार आले, सुबोध बॅनर्जी हे मजूरमंत्री झाले, आणि 'घेराव' हा शब्द देशभर गाजला. तो ऑक्सफर्डच्या कोशात जाऊन बसला आहे. 'हरताळ' त्याच्याही आधी गेला होता. दुकानाला टाळे ह्या अर्थाचा. आपण 'नियमांना हरताळ फासला' म्हणतो तो मात्र निराळा. पोथीतली चूक झाकण्यासाठी लेखक जे पिवळे द्रव्य लावीत तो हा हरताळ. साहेबाला हे दोन हरताळ वेगळे करून दाखवा, म्हणजे त्यालाही थोडा घाम फुटेल.

शेवटी एक अगदी नवा शब्द, 'गिग'. अमेरिकेतले जॅझ वाजविणारे वादक एका रात्रीच्या सुपारीला गिग म्हणत. शंभर वर्षांपूर्वीची ही बोली. आज घरोघर जेवणाचे डबे आणि सामान पोचविणाऱ्या मुलांना 'गिग वर्कर' म्हणतात; २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत ह्या शब्दाची व्याख्याही आली आहे. कंपन्या त्यांना कामगार म्हणत नाहीत, 'पार्टनर' म्हणतात. पार्टनर म्हणजे भागीदार. नफ्यातला भाग विचारला तर तो नाही. पेट्रोल त्याचे, गाडी त्याची, पडला तर पायही त्याचा. इंग्लंडात असाच वाद टॅक्सीचालकांचा झाला. तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९ फेब्रुवारी २०२१ रोजी उबर कंपनीच्या चालकांच्या बाजूने निकाल दिला आणि म्हटले की करारात काय लिहिले आहे एवढ्यावरून हे ठरावयाचे नाही, काम प्रत्यक्षात कसे चालते ते पाहावयाचे. ह्या मुलांना आपल्याकडे नारळ देत नाहीत, थैलीही देत नाहीत. सकाळी फोन उघडतो आणि काम दिसत नाही. ती एकमेकांना सांगतात, 'आयडी ब्लॉक झाली.' वाक्यात कर्ताच नाही! कोणी केली, का केली, कोणाला विचारावयाचे, ह्यांपैकी काहीही त्या तीन शब्दांत सापडत नाही.

ह्या मुलांपैकी काही जण मागे उभे आहेत असे दिसते. त्यांच्या पाठीवर थैल्या आहेत. आम्ही उद्या दुपारपर्यंत गावात आहोत, वाचनालयाच्या ओसरीवर बसू. कोणाच्या घरी इंग्रजीतले असे एखादे पत्र किंवा फोनवरचा निरोप आला असेल, तर तो घेऊन यावे. त्यावर सही केली नसली तर फारच उत्तम.